कावडीतील गंगा आणि घाटावरची गंगा : बालाजी घाट व प्रवासस्मृतीची दोन रूपे

१

मराठी प्रवासवर्णनाच्या समीक्षेत प्रवाशाला जेवढे महत्त्व मिळाले तेवढे स्थळाला मिळालेले नाही. प्रवासी कोण, त्याची दृष्टी कोणती, त्याची शैली किती प्रसन्न, या प्रश्नांची चर्चा पुष्कळ झाली. परंतु एखादे स्थळ माणसाच्या स्मृतीत कोणत्या प्रक्रियेने घर करते आणि ती स्मृती पुढे कोणाच्या उपयोगी पडते, हा प्रश्न बाजूलाच राहिला. अनंत काणेकर यांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) आणि पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ (१९६०) या पुस्तकांनी व्यक्तित्वकेंद्री प्रवासलेखनाला प्रतिष्ठा मिळवून दिली. अशा लेखनात स्थळ आवडते, कारण ते लेखकाच्या वृत्तीला प्रतिसाद देते. ‘आवडते स्थळ’ ही कल्पना या अर्थाने आधुनिक आहे. तिच्यात निवड गृहीत धरलेली असते. तीर्थास जाणारा मनुष्य मात्र तीर्थाची निवड करीत नसतो. ते त्याच्यासाठी आधीच निवडले गेलेले असते. मग तीर्थाविषयी ‘वैयक्तिक आठवण’ असे काही संभवते काय, आणि संभवत असेल तर तिचे स्वरूप काय असते?

या प्रश्नाचा विचार करण्यास वाराणसीचा बालाजी घाट हे एक उपयुक्त स्थळ आहे. काशीतील घाटांच्या रांगेत तो पंचगंगा घाटाला लागून आहे. त्याच्या एका बाजूस ग्वाल्हेर राजघाट व जटार घाट, तर दुसऱ्या बाजूस पंचगंगा, दुर्गा आणि ब्रह्मा हे घाट येतात. काशीतील मराठी वस्तीचा हा जुना पट्टा होय. परंपरा या घाटाच्या बांधकामाचा संबंध पेशव्यांशी जोडते. पुढे, एकोणिसाव्या शतकात, तो ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याकडे गेला. त्याच्या नावातच एक द्व्यर्थ आहे. मराठी कानाला ‘बालाजी’ म्हटले की बालाजी बाजीराव आठवतो, तर काशीतील भाविकाला घाटावरच्या मंदिरातला देव आठवतो. एकाच शब्दातून एका समाजाला आश्रयदात्याची, तर दुसऱ्याला आराध्याची आठवण होते. या घाटाविषयी जे लिहिले आणि सांगितले गेले, त्याची विभागणीही याच रेषेवर झालेली दिसते.

प्रस्तुत लेखात दोन स्मृतींची तुलना केली आहे. पहिली विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मधील काशीयात्रेची, दुसरी उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी वेळोवेळी सांगितलेली बालाजी मंदिरातील रियाजाची. एक लिखित, दुसरी मौखिक. एक मराठी, दुसरी बनारसच्या बोलीत मुरलेल्या हिंदुस्थानीतील. एक एकदाच येऊन गेलेल्या यात्रेकरूची, दुसरी येऊन राहिलेल्याची. या दोन स्मृतींना जोडणारा दुवा गंगेचे पाणी हा आहे.

२

काशीतील मराठी उपस्थितीचा इतिहास सुपरिचित आहे. नारायणभट्टांचे घराणे सोळाव्या शतकात तेथे स्थिरावले. एकनाथांनी आपली भागवतावरील टीका शके १४९५ मध्ये, म्हणजे इसवी सन १५७३ मध्ये, काशीतच पूर्ण केली. बाजीरावाच्या मातोश्री राधाबाई यांची १७३५-३६ मधील उत्तरयात्रा तर राजकीय घटनाच ठरली. एका वृद्ध स्त्रीच्या तीर्थाटनाला उत्तरेतील सत्ताधीशांनी दिलेला मान हे मराठ्यांच्या वाढत्या सामर्थ्याचे प्रमाण मानले गेले. अहिल्याबाईंनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले. बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास शिंदे घाट बांधविला. पंचगंगेवरील बिंदुमाधवाच्या आजच्या मंदिराशी औंधच्या पंतप्रतिनिधींचे नाव निगडित आहे.

या इतिहासातून घडलेल्या स्मृतीला ‘आश्रयदात्याची स्मृती’ म्हणता येईल. ती शिलालेख, सनदा, पत्रव्यवहार आणि घाटांची नावे यांत वसते. तिला दुसरी एक लहान, घरगुती बाजू आहे : तीर्थोपाध्यायाची वही. यात्रेकरूने आपले गाव, कुळ, पूर्वजांची नावे सांगावीत आणि उपाध्यायाने वहीतून त्याच्या आज्या-पणज्याचा लेख काढून दाखवावा, ही प्रथा मराठी यात्रेकरूच्या काशीच्या अनुभवाचा गाभा होती. येथे यात्रेकरू स्वतःची आठवण निर्माण करीत नाही. कुळाच्या आठवणीत आपली एक ओळ घालतो. पुढे त्याचा नातू आला की ती ओळ वाचली जाईल, एवढीच त्याची अपेक्षा असते.

या पद्धतीत स्थळाचे वर्णन करण्याची निकडच निर्माण होत नाही. घाटाच्या पायऱ्या किती, पाणी पहाटे कसे दिसते, देवळातून कोणता स्वर येतो, हे सांगण्याचे कारण वहीला नसते. मराठीत काशीचा उल्लेख पदोपदी असूनही काशीचे वर्णन तुलनेने थोडे का, याचे एक उत्तर येथे सापडते. काशी ही मराठी मनात कर्तव्याची जागा म्हणून रुजली. जिथे कर्तव्य पुरे करायचे असते तिथे माणूस डोळ्यांनी पाहतो, पण लेखणीने थांबत नाही.

३

विष्णुभट गोडसे वरसईहून १८५७ साली निघाले ते द्रव्यार्जनासाठी. बायजाबाई शिंदे यज्ञ करणार आहेत, दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, हा हिशेब होता. सोबत काका होते. वाटेत बंडाने गाठले. झाशीचा वेढा, शहराची लूट, पुनःपुन्हा नागवले जाणे, यांतून वाट काढीत ते १८५९ मध्ये घरी परतले. चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी हा वृत्तान्त लिहून काढला. तो १९०७ मध्ये वैद्यांनी संपादून प्रसिद्ध केला, तोही तत्कालीन राजकीय परिस्थिती ध्यानात घेऊन फेरफार केलेल्या स्वरूपात. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ वाचकांना मिळण्यासाठी दत्तो वामन पोतदार यांच्या १९६६ च्या आवृत्तीची वाट पाहावी लागली.

समीक्षकांचे लक्ष या ग्रंथातील झाशीकडे लागून राहिले, हे स्वाभाविकच होते. परंतु ग्रंथाची घडण पाहिली तर तिचा शेवट झाशीत होत नाही. द्रव्य मिळवून आणण्याचा पहिला हेतू जवळपास फसल्यावर दुसरा हेतू पुढे येतो : काशीहून गंगेची कावड घेऊन घरी जावे आणि आईवडिलांना गंगास्नान घडवावे. मिळवलेले पैसे लुटले गेले. कावडीतील पाण्याला मात्र लुटारूच्या लेखी मोल नव्हते. आर्थिक दृष्टीने अपयशी ठरलेला प्रवास या एका कृतीने सफल होतो. लेखकाने त्यावर भाष्य केलेले नाही, पण वृत्तान्ताचा तोल तेथेच सावरतो.

काशीच्या स्मृतीचे गोडसे यांच्या लेखी असलेले रूप यातून स्पष्ट होते. ती स्मृती वाहून नेता येते. तिला वजन आहे, ती खांद्यावर घ्यावी लागते, ती सांडू शकते. आणि ती स्वतःसाठी नसते. जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी ती असते. महाराष्ट्रातील काशीयात्रेची सांगता घरी मावंदे घालून होते, ती याच तत्त्वाने. गंगेच्या गडूची पूजा होते, गाव जेवते, आणि यात्रा न केलेल्यांनाही तिचा अंश मिळतो. काशीत काय पाहिले हे सांगण्यापेक्षा काशीतून काय आणले हे येथे महत्त्वाचे ठरते.

तेलुगूतील एका ग्रंथाशी तुलना केल्यास हा विशेष अधिक उठून दिसतो. मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दुभाष्याचे काम करणारे एनुगुल वीरास्वामी १८३० मध्ये काशीयात्रेस निघाले आणि १८३१ मध्ये परतले. त्यांचे ‘काशीयात्रा चरित्र’ १८३८ मध्ये प्रसिद्ध झाले. मुक्काम, वाटा, बाजार, लोकरीती, कारभार यांची तपशीलवार नोंद घेत त्यांनी आपला वृत्तान्त मद्रासच्या मित्राकडे पाठविला होता. वीरास्वामींनी दूरच्या मित्रासाठी माहिती पाठविली, गोडशांनी दूरच्या मातापित्यांसाठी पाणी नेले. दोघांच्याही डोळ्यांसमोर अनुपस्थित माणूस आहे. पण एकाचा प्रवास त्यामुळे ग्रंथ झाला, तर दुसऱ्याचा आधी विधी झाला आणि ग्रंथ पुष्कळ वर्षांनी, दुसऱ्याच्या आग्रहाने झाला.

कावडीच्या या कल्पनेला मराठी परंपरेने स्वतःच एक छेद दिलेला आहे. रामेश्वरासाठी नेत असलेली गंगा एकनाथांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ही कथा कीर्तनांतून घरोघर पोचलेली आहे. पाणी ज्याच्यासाठी नेले त्याला न मिळता ज्याला हवे होते त्याला मिळाले, आणि तरीही यात्रा पुरी झाली. गंगा कोणाची, या प्रश्नाचे उत्तर देताना ही कथा नेणाऱ्याच्या संकल्पाला नव्हे, तहानलेल्याच्या गरजेला प्रमाण मानते. पुढील विवेचनास हा निकष उपयोगी पडेल.

४

बिस्मिल्ला खाँ यांचा जन्म २१ मार्च १९१६ रोजी बिहारमधील डुमराव येथे झाला. वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास ते आजोळी, काशीस आले. मामा अली बक्ष ‘विलायतू’ हे विश्वनाथ मंदिराशी संबंधित सनईवादक होते. मुलाच्या रियाजाची जागा ठरली ती बालाजीचे मंदिर. तेथील नौबतखान्यात, आपल्याकडील शब्दात सांगायचे तर नगारखान्यात, त्यांची कित्येक वर्षे गेली. यतींद्र मिश्र यांच्या ‘नौबतखाने में इबादत’ या हिंदी लेखामुळे ही हकिगत शालेय पाठ्यपुस्तकांतही पोचली. मंदिराकडे जाण्याच्या अनेक वाटांपैकी रसूलनबाई आणि बतूलनबाई यांच्या घरावरून जाणारी वाट मुलाला प्रिय होती, कारण त्या घरातून ठुमरी, टप्पा, दादरा कानी पडे. मंदिरात वाजविण्याबद्दल अठन्नी मिळे, आणि ती बहुधा सुलोचनेचे चित्रपट पाहण्यात खर्च होई.

या आठवणीतील तपशील कोणत्या जातीचे आहेत हे पाहिले पाहिजे. वाट, आवाज, अठन्नी, चित्रपट : सारे रोजचे आहे. घाट कोणी बांधला, मंदिर कोणी वसविले, याचा तेथे उल्लेख नाही. परंतु अठन्नी कोठून आली असेल, याचा विचार केला म्हणजे दोन स्मृतींमधील सांधा सापडतो. मंदिर स्थापन करणारा दाता पूजा, नैवेद्य, दिवाबत्ती यांच्याबरोबरच वाजंत्र्यांचीही नेमणूक करून ठेवी. सनई-चौघडा हे देवाच्या दरबाराचे अंग मानले जाई. महाराष्ट्रातील देवस्थानांतही नगारखाना आणि वाजंत्री यांची व्यवस्था अशीच होती. आश्रयदात्याला अपेक्षित होती ती प्रहराप्रहराची सेवा. त्या व्यवस्थेच्या आडोशाने एक मुलगा स्वर घोटीत बसेल, हे कोणत्याही सनदेत लिहिलेले नव्हते. संस्कृतीच्या इतिहासात दानाचे खरे फळ पुष्कळदा असे हेतूबाहेरचे असते.

याच मंदिरातील एक अनुभव खाँसाहेब सांगत. रियाज चालू असताना एकदा सुगंध दरवळला आणि साक्षात बालाजी समोर उभे राहिले. मुलाने घाबरून धावत जाऊन मामांना सांगितले, तेव्हा त्यांनी त्याला दटावले. काही दिसले तर कोणाला सांगायचे नाही, अशी ताकीद त्याला मिळालेली होती. या कथेचा वापर बहुधा धार्मिक सलोख्याचे उदाहरण म्हणून केला जातो. तो अर्थ खोटा नाही, पण अपुरा आहे. शिया मुसलमान असलेल्या, मोहरमच्या आठव्या तारखेस सनईतून मातम करणाऱ्या कलावंताला त्या मंदिरात काही जुळवून आणायचे नव्हते. तो तेथे रोज जात होता, इतकेच. सलोखा हा शब्द दोन परक्यांना जवळ आणण्यासाठी लागतो. येथे परकेपणाची भावनाच आठवणीत नाही. जी आहे ती गुरूची आज्ञा मोडल्याची किंचित भीती, आणि सांगू नये ते सांगितल्याचे ओझे.

दुसरी आठवण अधिक प्रसिद्ध आहे. अमेरिकेत स्थायिक होण्याचा आग्रह झाला, बनारससारखे वातावरण तेथे उभे करून देण्याचे आश्वासनही मिळाले, तेव्हा खाँसाहेबांनी विचारले की, मग तेथे गंगा कोठून आणणार? हा प्रसंग मुलाखतींतून आणि चरित्रपर लेखनातून वेगवेगळ्या शब्दांत आला आहे, पण प्रश्न तोच राहिला आहे.

आणि नेमका हा प्रश्न गोडसे यांच्या कावडीसमोर ठेवून पाहावा. गोडसे यांच्या लेखी गंगा नेता येते. नेण्यातच तिचे सार्थक आहे. खाँसाहेबांच्या लेखी ती नेता येत नाही, म्हणून माणसानेच तेथे राहिले पाहिजे. दोघेही गंगेवर सारखीच श्रद्धा ठेवतात. फरक श्रद्धेचा नसून स्मृतीच्या द्रव्याचा आहे. यात्रेकरूची स्मृती पाण्यात असते, म्हणून ती गडूत मावते. रियाज करणाऱ्याची स्मृती पाणी, पायरी, पहाट, देवळातला गारवा आणि स्वर यांच्या रोजच्या भेटीत असते. ती गडूत भरता येत नाही.

५

येथे एक आक्षेप संभवतो. खाँसाहेबांची आठवण रहिवाशाची आहे. तिला प्रवासस्मृती म्हणणे योग्य होईल काय? गालिबचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. १८२७ च्या सुमारास कलकत्त्यास जाताना तो बनारसला थांबला आणि या नगरीने भारावून जाऊन त्याने ‘चिराग़-ए-दैर’ ही फारसी मसनवी रचली. नगरीची स्तुती करताकरता तो स्वतःला घरच्या माणसांची आणि पुढल्या वाटेची आठवण करून देतो. वाटसरूला आवडते स्थळ हे असे लाभते : ते सोडायचे असते म्हणून त्याची ओढ तीव्र असते. डुमरावहून आलेला मुलगाही प्रथम पाहुणाच होता. त्याचे स्थळाशी जडलेले नाते ओढीतून नव्हे, पुनरावृत्तीतून घडले. तेव्हा प्रवासी आणि रहिवासी या दोन निराळ्या जाती मानण्यापेक्षा, एकदा जाणे आणि पुनःपुन्हा जाणे असे दोन प्रकार मानणे अधिक शास्त्रशुद्ध ठरेल.

या भेदासाठी मराठीला नवी परिभाषा घडविण्याचे कारण नाही. ‘यात्रा’ आणि ‘वारी’ हे दोन शब्द तिच्याकडे आधीपासून आहेत. यात्रा संकल्पाने सुरू होते आणि मावंद्याने संपते. वारी संपत नाही. एक वारी झाली की पुढचीची तयारी असते. यात्रेला फळ असते, वारीला नेम असतो. यात्रेकरू काही घेऊन परततो, वारकरी परत येण्यासाठी परततो. बालाजीच्या नगारखान्यातील रियाज हा या अर्थाने वारीच्या जातीचा आहे. तेथे पोचण्याची वाट रोजची, फळाची अपेक्षा दूरची, आणि चुकली तर हुरहूर लावणारी. मराठी यात्रालेखनाच्या निकषांनी ही आठवण पकडता येत नाही. वारीच्या निकषांनी ती लगेच ओळखीची वाटते. अर्थात हे साम्य मर्यादित आहे. वारी समूहाने होते, रियाज एकट्याने. वारीत नाम घ्यायचे असते, रियाजात स्वर साधायचा असतो. परंतु स्थळाशी निष्ठा ठेवण्याचे साधन म्हणून पुनरावृत्तीचा स्वीकार दोहोंत समान आहे.

असे पाहिले म्हणजे बालाजी घाटाविषयीच्या मराठी अभिमानाचाही फेरविचार करावा लागतो. घाट मराठ्यांनी बांधला, म्हणून तो ‘आपला’, ही भाषा काशीविषयक मराठी लेखनात सहज येते. ती इतिहासाला धरून असली तरी तिच्यात एक उणीव आहे. ती बांधणाऱ्याची आठवण ठेवते, वापरणाऱ्याची ठेवीत नाही. विसाव्या शतकात या घाटावरच्या जुन्या वास्तूची पडझड झाली, तेव्हा आश्रयदात्याची सत्ता लयाला गेलेली होती आणि शिलालेखाला वास्तू सावरता येत नव्हती. त्या काळात घाटाचे नाव दूरवर पोचत राहिले ते एका सनईवादकाच्या मुलाखतींतून. गौतम घोष यांचा १९८९ चा अनुबोधपट, २००१ मधील भारतरत्न, २१ ऑगस्ट २००६ रोजी झालेले निधन : प्रत्येक टप्प्यावर बालाजीचे मंदिर पुन्हा लोकांच्या बोलण्यात आले. जागतिक स्मारक निधीने २०१२ च्या आपल्या सूचीत बालाजी घाटाचा समावेश केला. युनेस्कोने २०१५ मध्ये वाराणसीला संगीतनगरी म्हणून मान्यता दिली. दगड ज्यांनी रचले त्यांचे ऋण यामुळे कमी होत नाही. पण त्या दगडांना अर्थ पुरविणारी माणसे दुसरीही होती, हे मान्य करावे लागते.

एकनाथांच्या कथेतील निकष येथे लागू पडतो. गंगा नेणाऱ्याची की तहानलेल्याची, या प्रश्नाचे उत्तर त्या कथेने देऊन ठेवले आहे. घाटाबाबत तेच उत्तर स्वीकारण्यास मराठी समीक्षेला अडचण असू नये. तुलनात्मक साहित्याभ्यासाला यातून एक पद्धतीविषयक सूचनाही मिळते. भाषेच्या सीमेवर थांबणारा काशीविषयक मराठी लेखनाचा अभ्यास राधाबाई, अहिल्याबाई आणि गोडसे यांच्यापर्यंत पोचेल. पण मराठ्यांनी काशीत जे उभे केले त्याचे पुढे काय झाले, हे त्याला कळणार नाही. त्यासाठी हिंदी, उर्दू, तेलुगू, फारसी यांतील लेखन आणि मुलाखतींसारखी मौखिक सामग्री ही मराठी विषयाचीच साधने म्हणून वाचावी लागतील.

वरसईच्या घरात आईवडिलांच्या मस्तकावर पडलेले पाणी आणि नगारखान्यात पहाटे लागलेला स्वर, या दोन्ही आठवणी काशीनेच दिलेल्या आहेत. पहिलीने काशी महाराष्ट्रात आणली, दुसरीने एका बालकाला काशीत ठेवून घेतले. मराठी साहित्याने पहिली जपून ठेवली आहे. दुसरी मराठीत सांगितली गेली नाही; पण तिच्या पायाखालचा घाट मराठ्यांनी बांधलेला आहे, आणि एवढ्यासाठी तरी ती मराठी अभ्यासाच्या कक्षेत घेतली गेली पाहिजे.